पॉवर टिलरच्या अनुदानापायी गेलेले ४२,५०० रुपये

मी कळव्याला राहतो, घर मुरबाड तालुक्यात. बाबांच्या नावावर दीड एकर भातशेती. बैलजोडी विकल्यापासून चिखलणीला, म्हणजे लावणीआधी शेतात चिखल करायला, भाड्याचा पॉवर टिलर (हाताने धरून चालवायचं मशागतीचं यंत्र) आणावा लागतो, आणि पाऊस लागला की तो अख्ख्या गावाला एकाच दिवशी हवा असतो. गेल्या वर्षी आमची पाळी येईपर्यंत राबातलं (रोपवाटिकेतलं) रोप वाढून गेलं. तेव्हाच ठरवलं, अनुदानावर स्वतःचा टिलर घ्यायचा.

ओळखीतल्या एकाने ठाण्यातल्या एका एजंटाचा नंबर दिला. ‘महाडीबीटीवर नंबर लावून देतो, निम्मे पैसे सरकार देतं, ऑफिसात आपली माणसं आहेत,’ असं तो म्हणाला. महाडीबीटी म्हणजे सरकारी अनुदानाचे अर्ज भरायचं राज्याचं पोर्टल. सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक, सगळ्यांचे फोटो पाठवले आणि फाइलचे म्हणून ३,५०० रुपये दिले. बाबांच्या मोबाइलवर आलेला ओटीपीसुद्धा मीच त्यांना विचारून त्याला सांगितला. तो कशाचा होता, हे मला आजही कळलेलं नाही.

तीन आठवड्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पूर्वसंमतीचं, म्हणजे यंत्र घ्यायला मंजुरीचं, पत्र आलं. बाबांचं नाव बरोबर, गट नंबर बरोबर, खाली शिक्का. ‘शेतकरी हिस्सा ३९,००० रुपये सात दिवसांत भरा, नाहीतर नंबर पुढच्याला जाईल.’ सोबत क्यूआर कोड. मी भरले.

मला संशय का आला नाही, ते सांगायलाच हवं, कारण तुमचीही फसगत इथेच होईल. आमच्या शेजाऱ्यांनी ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत पंप घेतलाय. तिथे लाभार्थी हिस्सा खरोखरच आधी भरावा लागतो : साधारण शेतकऱ्याला १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के. तो महावितरणकडे जातो. ‘हिस्सा भरा’ हे शब्द घरात ऐकलेले होते, म्हणून टिलरलाही तसंच असेल असं मी धरून चाललो. टिलरचं तसं नाही. आधी पूर्वसंमती मिळते, मग आपण आपल्या पैशाने विक्रेत्याकडून यंत्र घ्यायचं, बिल अपलोड करायचं. कृषी खात्याचा माणूस येऊन यंत्र बघून जातो आणि त्यानंतर अनुदान थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतं. मधे कुणाच्या क्यूआर कोडवर हिस्सा भरायचा प्रश्नच येत नाही. आणखी एक, पूर्वसंमतीच्या आधी यंत्र घेतलं तर अनुदान हातचं जातं. ‘आत्ता घ्या, कागद मागून करतो’ म्हणणाऱ्यापासूनही जपा.

बाबा ते पत्र घेऊन तालुका कृषी कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी नंबर टाकून पाहिला. बाबांचा फोन आला, “अरे, ते म्हणतात आपण अर्जच केलेला नाही.” मी ऑफिसात होतो, मला बोलताच येईना. त्या पैशातले २०,००० बाबांनी भात विकून दिले होते.

त्याच दिवशी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. पैसे जाऊन १९ दिवस झाले होते. लगेच कळवलं असतं तर ते पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता होती. आता ते कितीतरी खात्यांतून फिरून गेलेत. सायबर पोर्टलवर आणि पोलीस ठाण्यात तक्रार दिली आहे. क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट आणि व्यवहार क्रमांक जपून ठेवले होते, तेवढाच आधार. पीएम-किसान आणि नमो शेतकरीचे हप्ते ज्या खात्यात येतात, त्याचीच कागदपत्रं त्याच्याकडे गेलीत. म्हणून बँकेत जाऊन खातं तपासून घेतलं, बाबांच्या आधारचे बोटांचे ठसे लॉक केले.

यंदा गावातल्या सेवा केंद्रात बाबा स्वतः शेजारी बसून अर्ज भरून आले. महाडीबीटीच्या अर्जाची फी २३ रुपये ६० पैसे. पावती त्यांनी सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवली आणि मला फोनवर अर्ज क्रमांक दोनदा वाचून दाखवला.