काटा जागेवर होता, इंजिन मात्र उकळत होतं

आंब्याचा सीझन तोंडावर आलाय. देवगड, विजयदुर्ग, राजापूर या पट्ट्यातल्या जुन्या पिकअप पुन्हा पेट्या भरून घाट चढायला लागतील. त्याआधी गेल्या सीझनला माझी कशी फसवणूक झाली ते सगळं सांगतो. जरा लांबेल, पण ज्याच्याकडे दहा-पंधरा वर्षं जुनी गाडी आहे त्याने शेवटपर्यंत वाचावं.

माझी पिकअप 2010 सालची. डिझेल, चार सिलिंडर, एसी नाही. दोन लाख चाळीस हजार किलोमीटर झालेत. घरची कलमं आहेत, शिवाय शेजारच्या दोन-तीन बागांचा माल मीच कोल्हापूरला नेतो. नांदगाव, फोंडा, मग घाट चढून दाजीपूर, राधानगरी, हा आमचा नेहमीचा रस्ता.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पन्नासेक पेट्या भरून निघालो होतो. घाटाच्या मध्यावर टेम्परेचरचा काटा लाल पट्टीला टेकला. गाडी बाजूला घेतली, अर्धा तास थांबलो आणि रमतगमत वर आलो. दाजीपूरच्या पुढे सपाटी लागली तसा काटा आपोआप खाली आला, तो थेट मार्केट यार्डापर्यंत खालीच राहिला.

ही एवढी एक गोष्टच खरं तर सगळं सांगत होती. घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये वीसच्या स्पीडने चढते. इंजिनावर ताण पूर्ण असतो, पण समोरून वारा लागत नाही, त्यामुळे रेडिएटरमधून हवा ओढायचं सगळं काम पंख्यावर येतं. सपाटीला साठच्या स्पीडला वाराच रेडिएटर थंड करतो. घाटात तापणारी आणि सपाटीला निवणारी गाडी असेल, तर आधी पंखा आणि रेडिएटरची पुढची जाळी बघायची. उलट सपाटीला स्पीडमध्येही तापत असेल, तर रेडिएटर आतून चोंदला असेल, नाहीतर वॉटर पंप किंवा थर्मोस्टॅटचं (पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणाऱ्या झडपेचं) काम असेल. आज हे मला तोंडपाठ आहे. त्या दिवशी माहीत नव्हतं, आणि माल उतरवून मी कोल्हापुरातल्या एका गॅरेजमध्ये गेलो.

गॅरेज मोठं, पाच-सहा पोरं कामाला. मालकाने मला काहीच विचारलं नाही. कुठे तापली, लोड किती होता, पाणी किती कमी झालं, एक प्रश्न नाही. गाडी नुकतीच चालून आलेली, इंजिन गरम. त्याने जाड फडकं घेतलं आणि रेडिएटरचं झाकण हळूच ढिलं केलं. पाणी फसफसत बाहेर उसळलं. "बघितलंत मालक? कॉम्प्रेशन पाण्यात येतंय. हेड गॅसकेट गेलंय." (हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण. ते आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील म्हणजे हेड गॅसकेट; ते गेलं की सिलिंडरमधला दाबाचा वायू पाण्यात शिरतो.) मग ऑइलचं झाकण काढून त्याच्या आतल्या बाजूला लागलेला दुधाळ चिकटा दाखवला. "पाणी ऑइलात मिसळलंय. अशीच पळवलीत तर इंजिन बसेल."

मी घाबरलो. ऐन सीझन, घरात झाडावरून उतरवलेला माल, आणि इंजिन बसेल म्हणतोय. 29,000 सांगितले, 26,500 वर आला.

त्याने दाखवलेले दोन्ही पुरावे पुरावे नव्हतेच. रेडिएटरचं झाकण आतला दाब धरून ठेवतं, म्हणून पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. कुकरसारखंच. गरम इंजिनाचं झाकण उघडलं की दाब सुटतो आणि चांगल्या गाडीचं पाणीही उसळतं. (हे झाकण गरम असताना कुणीही उघडू नका. तोंड, हात भाजून निघतात.) आणि ऑइलच्या झाकणाखालचा तो चिकटा आमच्यासारख्या दमट हवेत, जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या कितीतरी गाड्यांना नुसत्या वाफेनेही धरतो. बघायची असते डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी. तिच्यावरचं ऑइल चहाच्या रंगाचं झालं, पातळी आपसूक वाढली, तर काळजी. माझी डिपस्टिक त्याने बाहेर काढलीच नाही.

हेड गॅसकेटची खरी परीक्षा थंड इंजिनावर होते. सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना झाकण काढायचं, पाणी काठोकाठ भरायचं, गाडी चालू करायची आणि बघत राहायचं. पाण्यातून सतत बुडबुडे येत राहिले, किंवा झाकण लावून चालू केल्यावर एक-दोन मिनिटांत, इंजिन अजून गार असतानाच वरचा होज पाइप दगडासारखा घट्ट झाला, तर गॅसकेटचा संशय घ्यायचा. याला पैसे लागत नाहीत, एक सकाळ लागते.

मी एसटीने घरी आलो आणि तिसऱ्या दिवशी गाडी आणायला गेलो. त्यांनी एक जळकं गॅसकेट हातात दिलं, "हे तुमचं जुनं." इंजिन वरून धुऊन चकचकीत केलेलं. 15,000 ऑनलाइन दिले, उरलेले रोख. बिल म्हणून वहीचा फाडलेला कागद मिळाला, त्यावर "हेड काम" आणि आकडा. गाडीचा नंबर नाही, जीएसटी नंबर नाही, कुठला पार्ट घातला तेही नाही. रिकामी गाडी घाट उतरून घरी आली. काटा पाव भागाच्या वर गेला नाही. मी समाधानी होतो, आणि दोन ओळखीच्यांना त्या गॅरेजचा पत्ताही दिला. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढचे पंधरा दिवस जवळच्या फेऱ्या केल्या. मे महिना लागल्यावर पुन्हा पन्नास पेट्या घेऊन घाटाला लागलो. सोबत मेहुणा होता. पहिलं मोठं वळण गेलं, दुसरं गेलं. माझी नजर सारखी काट्यावर. काटा पाव भागावर स्थिर. थोड्या वेळाने मेहुणा म्हणाला, कसला तरी गोडसर वास येतोय. मी पुन्हा काटा बघितला. आता निम्म्याच्याही खालीच होता, म्हणून म्हटलं पुढच्या ट्रकचा असेल. गाडीची ओढ कमी झाली, इंजिन खडखडायला लागलं, तरी मी काट्याकडे बघून चालवत राहिलो. मग बॉनेटच्या फटीतून वाफ आली. गाडी बंद केली, उतरलो, बघतो तर खाली सगळं कूलंट (रेडिएटरमधलं गोडसर वासाचं पाणी) सांडलेलं. चावी पुन्हा फिरवून मीटर बघितलं. समोर वाफेचा लोट, आणि काटा निम्म्याच्या खाली.

तो आंबा भर दुपारी हौद्यात चार तास तापला. दुसरी गाडी मिळाली, पेट्या हलवल्या, पण मार्केटला पोचेपर्यंत लिलाव आटपला होता. ज्यांचा माल होता त्यांना मी पट्टीतला, म्हणजे विक्रीच्या हिशेबातला, फरक माझ्या खिशातून दिला. माझी गाडी दोर लावून खाली फोंड्याला आणली.

तिथे एक म्हातारे मेस्त्री आहेत, पत्र्याच्या शेडमध्ये एकटेच काम करतात. गाडीला हात लावण्याआधी त्यांनी मला समोर बसवून सगळं विचारलं. मी काट्याचं सांगितलं तेव्हा ते उठले, टेम्परेचरच्या सेन्सरची वायर काढली आणि मला म्हणाले, चावी ऑन करून काट्याकडे बघ. वायर मोकळी, काटा तळाला. मग त्यांनी वायरीचं टोक क्षणभर इंजिनाच्या लोखंडाला टेकवलं. जुन्या, एका वायरीच्या सेन्सरच्या गाडीत असं केलं की काटा थेट लाल पट्टीपर्यंत जायला हवा. माझा काटा अर्ध्यावर जाऊन थांबला.

मेस्त्रींनी वायर बोटांनी चाचपत मागे नेली. सेन्सरपासून वीतभर अंतरावर काळी टेप जरा जाड लागली. ब्लेडने टेप चिरली. आत तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, रंगीत पट्ट्यांचा रेझिस्टन्स वायर कापून मध्ये जोडलेला. असले सेन्सर गरम होतात तसा त्यांचा रेझिस्टन्स कमी होतो आणि काटा चढतो. मध्ये जादा रेझिस्टन्स घातला की इंजिन कितीही तापो, मीटरला ते थंडच वाटतं. रेडिओच्या दुकानात ही वस्तू एक-दोन रुपयांना मिळते.

मग हेड खोलायला घेतलं. हेड उतरवायचं तर एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर बाहेर नेणारा बिडाचा पाइप) सोडवावाच लागतो. त्याचे नट तांबड्या गंजाने धरलेले, एकावरही पान्याचा ताजा ओरखडा नाही. वरचं कव्हर काढलं तर हेडच्या बोल्टांवर वर्षानुवर्षांच्या ऑइलचा तपकिरी थर जसाच्या तसा. मेस्त्रींनी एका बोल्टवर नख ओढून मला तो थर दाखवला. "कंपनीतसून इल्यापासून ह्या हेडाक कोणी हात लावूक नाय." 26,500 रुपयांत इंजिन धुतलं होतं, कूलंट बदललं होतं आणि तो रेझिस्टन्स घातला होता.

आता मात्र हेडचं काम खरंच निघालं. काटा खोटा असल्यामुळे मी उकळतं इंजिन चढावर रेटत राहिलो आणि हेड वाकलं. स्टीलची पट्टी आडवी ठेवून तिच्याखाली फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) सरकवून मेस्त्रींनी ते दाखवलं. हेड लेथवर फेसिंगला, म्हणजे सपाट करायला गेलं, नवं गॅसकेट, नवे बोल्ट, मजुरी, सगळे मिळून 21,000.

आणि मुळातला फॉल्ट? पंख्याचा फॅन क्लच. त्यात सिलिकॉनचं घट्ट तेल असतं, इंजिन तापलं की ते पंख्याला पकडून जोरात फिरवतं. माझ्या क्लचमधलं तेल गळून गेलं होतं, पुढच्या बाजूला धुळीने माखलेला ओशट गोल दिसत होता. इंजिन बंद करून हाताने झटका दिला तर पंखा घरातल्या सीलिंग फॅनसारखा गरगर फिरला. इंजिन गरम असताना तो जड फिरायला हवा, झटका दिल्यावर फार तर अर्धा-एक फेरा. (हात घालण्याआधी चावी काढून खिशात ठेवा.) नवा क्लच 4,200. रेडिएटरच्या जाळीत गवत आणि जांभ्याची लाल माती बसली होती, ती पाण्याच्या साध्या फवाऱ्याने निघाली. एप्रिलमध्ये माझं काम एवढ्यावर भागलं असतं.

मी गॅरेजला परत गेलो. मालक म्हणाला, रेझिस्टन्स तुम्हीच दुसरीकडे घालून घेतला असेल. बिलाचा कागद दाखवला, तर म्हणाला यावर तुमच्या गाडीचा नंबर कुठाय. ते ऐकल्यावर कळलं की नंबर न लिहिणं विसरून झालं नव्हतं.

पण माझ्याकडे ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद होती, मेस्त्रींनी हेड खोलताना मेहुण्याने काढलेले फोटो होते, आणि टेपसकट कापून ठेवलेला वायरीचा तुकडा होता. आधी ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर फोन केला, मग वकिलांकडे गेलो. गाडी धंद्याची असली तरी स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असू, तर ग्राहक म्हणून तक्रार करता येते. 2019 च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात ती दाखल होते, कोल्हापूरला खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मी तक्रार दाखल केली आहे.

ज्या दोघांना मी त्या गॅरेजचा पत्ता दिला होता, त्यांच्याकडे स्वतः जाऊन हे सगळं सांगितलं. त्यातला एक तिथे गेलाच नव्हता. दुसरा जूनमध्ये जाऊन आला होता, 18,000 देऊन. त्याच्या अंगणात आम्ही बॉनेट उघडलं आणि सेन्सरची वायर इंजिनाला टेकवली. काटा अर्ध्यावर थांबला. तो आता माझ्या तक्रारीत साक्षीला येणार आहे.