बोली ४१० रुपयांची, बिल ६५० रुपयांचे: एका ऑनलाइन लिलाव संकेतस्थळाचा अनुभव

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मरणार्थ टपाल खात्याने १४ एप्रिल १९६६ रोजी तिकीट काढले. त्याचे फर्स्ट डे कव्हर, म्हणजे तिकीट निघाले त्याच दिवसाचा शिक्का मारलेले खास पाकीट, मी बरीच वर्षे शोधत होते. नागपूरच्या संग्राहकाला दीक्षाभूमीमुळे या कव्हराचे मोल थोडे अधिक वाटते. त्यामुळे जुनी तिकिटे, पोस्टकार्डे आणि शाईची पेने लिलावात काढणाऱ्या एका संकेतस्थळावर ते दिसताच मी त्याच दिवशी बोली लावली. तिथे गेल्या दीड वर्षात मी ११ वस्तू घेतल्या आहेत. संकेतस्थळाचे नाव मी देत नाही, पण तिथली पद्धत इतरत्रही आढळते म्हणून सविस्तर लिहिते.

बोलीची यंत्रणा चांगली आहे, हे आधी सांगितले पाहिजे. आपण आपली कमाल रक्कम एकदाच नोंदवायची, ती इतरांना दिसत नाही, आणि समोरच्याची बोली जसजशी वाढेल तसतशी यंत्रणा आपल्या वतीने १०-१० रुपयांनी वर जाते. मी ५०० रुपये नोंदवले होते, दुसऱ्याची धाव ४०० रुपयांवर थांबली आणि कव्हर मला ४१० रुपयांना सुटले. जिंकणाऱ्याने जवळपास दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकेच पैसे द्यायचे, या पद्धतीचे विश्लेषण अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्रे यांनी १९६१ साली केले होते. पुढे १९९६ मध्ये त्यांना नोबेलही मिळाले. अशा लिलावात वस्तूची आपल्या लेखी जी खरी किंमत असेल तीच बिनधास्त लिहावी, कमी लिहून काही लाभ नाही, असे त्यांनी दाखवून दिले. परंतु खरी किंमत लिहायची तर वस्तू घरी येईपर्यंत एकूण किती पैसे जाणार, हे बोली लावणाऱ्याला आधी कळायला हवे.

ते मला कळले नाही. वस्तूच्या पानावर ‘टपाल खर्च वेगळा’ एवढेच होते. लिलाव संपल्यावर आलेल्या बिलात १८० रुपये टपालाचे आणि ६० रुपये ‘पॅकिंग व हाताळणी’चे लागले होते. म्हणजे ५०० रुपयांपलीकडे जायचे नाही असे ठरवूनही मी ६५० रुपये भरले, कारण जिंकल्यानंतर पैसे न भरल्यास खाते बंद होते.

दिल्लीहून आलेले पाकीट मी न फोडता स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. तिकिटाचे कव्हर, प्लास्टिकची पिशवी आणि आधाराला पुठ्ठ्याचे दोन तुकडे मिळून वजन ३२ ग्रॅम भरले. स्पीड पोस्टने १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू केलेल्या दरांप्रमाणे ५० ग्रॅमपर्यंतचे पत्र गावाबाहेर देशात कुठेही ४७ रुपयांत जाते. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तरी ५५ रुपये ४६ पैसे होतात. पाकिटावर बारकोडची जी पट्टी डकवलेली असते तिच्यावर वजन आणि टपाल शुल्क दोन्ही छापलेले असतात, त्यामुळे यात अंदाजाला जागाच नाही. विक्रेत्याचा वेळ, पुठ्ठा आणि टपाल कार्यालयातली रांग यांचे ४० रुपये मी आनंदाने देईन, तरीही हिशेब १०० रुपयांच्या आत राहतो. वरचे १४० रुपये कशाचे, हे मला कोणीही सांगितले नाही.

विक्रेत्याला मात्र यात तिहेरी सोय आहे. मूळ किंमत कमी दिसल्याने बोली लावणारे अधिक जमतात. संकेतस्थळ कमिशन फक्त बोलीच्या रकमेवर घेत असल्याने टपालात टाकलेले पैसे त्यातून सुटतात. आणि वस्तू परत केली तर बोलीचे पैसे मिळतात, टपालाचे नाहीत. ईबे या लिलाव संकेतस्थळाने अमेरिकेत २०११ साली टपाल खर्चावरही कमिशन लावायला सुरुवात केली आणि कमिशन चुकवण्याची वाट बरीचशी बंद केली. प्रामाणिक विक्रेत्याला त्यामुळे खऱ्या टपालावरही कमिशन द्यावे लागते, हा त्यातला अन्याय मला मान्य आहे. तरी तो आजच्या प्रकारापेक्षा कितीतरी लहान आहे.

आपल्याकडे नागपुरात कळमन्याच्या बाजारात मालाचा हर्रास, म्हणजे लिलाव, होतो, तेव्हा हमाली आणि तोलाई किती पडणार हे बोली बोलणाऱ्याला आधीच ठाऊक असते आणि तो ते मनात धरूनच आकडा बोलतो. ऑनलाइन खरेदीसाठी तर कायदाच तसे सांगतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे विक्रेत्याने टपाल, हाताळणी आणि कर यांच्या तपशिलासह एकूण किंमत दाखवली पाहिजे, आणि सुरुवातीला रक्कम लपवून शेवटी वाढवण्याच्या प्रकाराला नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी फसव्या क्लृप्त्यांच्या यादीत घातले आहे. लिलावात अंतिम बोली आधी कळत नाही हे खरे, पण ३२ ग्रॅमच्या पाकिटाचा टपाल खर्च आधी कळतोच.

हे जमते, याचा पुरावा याच संकेतस्थळावर आहे. कोल्हापूरचे एक विक्रेते प्रत्येक वस्तूखाली ‘स्पीड पोस्ट ६० रुपये, कितीही तिकिटे घेतली तरी एकदाच’ असे लिहितात. त्यांच्याकडून मी एका आठवड्यात तीन वस्तू घेतल्या आणि खरोखरच एकदाच ६० रुपये भरले. दुसऱ्या एका विक्रेत्याने मात्र दोन वस्तू एकाच पाकिटात घालून टपालाचे पैसे दोनदा घेतले.

टपालाखेरीज आणखी दोन सुधारणा हव्यात. लिलाव ठरलेल्या सेकंदाला बंद होतो आणि शेवटच्या क्षणी बोली टाकणाऱ्याला उत्तर देता येत नाही. अशी बोली आल्यास वेळ दोन मिनिटांनी वाढवावी. माझ्या कव्हरावर, पूर्वी एकही खरेदी नसलेल्या खात्याने २६० पासून ४०० पर्यंत चार पायऱ्यांत बोली चढवली आणि ते थांबले. ती विक्रेत्याच्या घरचीच बोली होती असा आरोप मी करणार नाही, माझ्याकडे पुरावा नाही. पण बोली लावणाऱ्याचा खरेदीचा इतिहास सर्वांना दिसावा, ही मागणी रास्त आहे.

मी वजनाचा आणि पट्टीचा फोटो जोडून तक्रार केली. नियमानुसार ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण व्हायला हवे. पोच दुसऱ्या दिवशी आली आणि आठवड्याने ‘हाताळणी’चे ६० रुपये परत मिळाले. टपालाच्या जास्तीच्या रकमेवर उत्तर आलेले नाही. महिना उलटला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन. तोवर ज्या पानावर टपालाचा आकडा लिहिलेला नाही तिथे मी बोली लावत नाही. गेल्या रविवारी याच कारणाने एक सुंदर पोस्टकार्ड हातचे गेले.