दुबई की व्हिएतनाम? परदेशात कारखाना काढण्याच्या खर्चाचा तुलनात्मक आढावा

वसई, भिवंडी किंवा रबाळे येथे दहा-पंधरा इंजेक्शन मोल्डिंग मशीन (वितळवलेले प्लास्टिक साच्यात दाबून वस्तू बनवणारी यंत्रे) चालवणारा उद्योजक परदेशात दुसरा कारखाना काढण्याचा विचार करू लागला, की चर्चेत संयुक्त अरब अमिराती आणि व्हिएतनाम ही दोन नावे हमखास येतात. प्लास्टिकच्या घरगुती वस्तू आणि पॅकेजिंग बनवणारा, मुख्य कार्यालय मुंबईत असलेला मध्यम आकाराचा उद्योग डोळ्यांसमोर ठेवून ही तुलना केली आहे. माझे मत आधीच सांगतो. मजुरीच्या किंवा कराच्या दरावरून देश ठरवू नये. पहिला कंटेनर बंदरातून निघेपर्यंत किती पैसा अडकतो आणि बेत फसलाच तर त्यातला किती सोडवून परत आणता येतो, हे पाहून ठरवावा.

पैसा बाहेर नेण्याचे नियम दोन्ही देशांसाठी सारखेच आहेत. ऑगस्ट २०२२ पासून लागू असलेल्या परकीय गुंतवणुकीच्या नियमांनुसार कंपनी, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारी संस्था आपल्या निव्वळ मालमत्तेच्या ४०० टक्क्यांपर्यंतची बांधिलकी रिझर्व्ह बँकेच्या वेगळ्या परवानगीशिवाय घेऊ शकते. या मर्यादेत फक्त भागभांडवल येत नाही; परदेशी कंपनीला दिलेले कर्ज आणि तिच्यासाठी दिलेली हमी यांचीही त्यात गणना होते, हे अनेकांच्या उशिरा लक्षात येते. एकट्याच्या मालकीची संस्था असेल तर मालकाला व्यक्ती म्हणून आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा लागते, आणि तेवढ्यात बेताचा कारखानाही उभा राहणे अवघड आहे. त्यामुळे ज्यांचा धंदा अजून मालकीचा आहे, त्यांनी परदेशाचा विचार करण्याआधी इथल्या संस्थेचे स्वरूप बदलावे.

जागेच्या बाबतीत दोन्ही देशांचा स्वभाव अगदी निराळा आहे. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुबईतील जेबेल अलीसारख्या मुक्त क्षेत्रात (सीमाशुल्काच्या दृष्टीने देशाच्या मुख्य भागापासून वेगळ्या धरलेल्या वसाहतीत) तयार शेड भाड्याने मिळते. भाडे चढे असते आणि ते आगाऊ द्यावे लागते, पण करार तुलनेने लहान मुदतीचे असतात, त्यामुळे माघार घेण्याचा मार्ग मोकळा राहतो. व्हिएतनाममध्ये जमिनीची खासगी मालकी नसते. औद्योगिक वसाहतीत जमीन वापरण्याचा हक्क साधारणपणे ५० वर्षांपर्यंत मिळतो आणि त्याचे मूल्य बहुतेक वेळा एकरकमी भरावे लागते. याखेरीज गुंतवणूक नोंदणी आणि कंपनी नोंदणी अशी दोन वेगळी प्रमाणपत्रे घ्यावी लागतात. कंपनी नोंदणी झाल्यापासून ९० दिवसांच्या आत जाहीर केलेले भांडवल प्रत्यक्ष आणावे लागते, नाहीतर दंड होतो. पुढे अग्निसुरक्षा आणि पर्यावरण यांच्या मंजुऱ्या आहेतच. जमीन घेऊन बांधकाम करण्याचा मोह टाळून पहिली काही वर्षे तिथेही तयार गाळा भाड्यानेच घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

यंत्रसामग्री इथूनच हलवायचा अनेकांचा बेत असतो. दोन्ही देशांत वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे मोटारींचा प्रश्न येत नाही. (सौदी अरेबियात ती ६० हर्ट्झची आहे, तिकडे जाणाऱ्यांनी मोटारी, पंप आणि ड्राइव्ह यांचा हिशेब वेगळा मांडावा.) मात्र व्हिएतनाममध्ये वापरलेली यंत्रे आणताना त्यांचे वय सर्वसाधारणपणे १० वर्षांपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे वसईच्या गाळ्यातील कर्ज फिटलेली जुनी मशीन कंटेनरमध्ये भरून भांडवली खर्च वाचवू, हा हिशेब तिथे बसत नाही.

मजुरीच्या तुलनेत सर्वाधिक गफलत होते, म्हणून इथे थोडे थांबायला हवे. व्हिएतनाममध्ये किमान वेतन विभागानुसार चार स्तरांत ठरते. १ जुलै २०२४ पासून पहिल्या, म्हणजे सर्वांत महाग, विभागात ते महिना ४९.६ लाख डोंग, म्हणजे साधारण १९५ डॉलर झाले आणि सरकार ते वेळोवेळी वाढवते. हा आकडा पाहून उद्योजक खूश होतो, पण त्यावर मालकाचा सामाजिक, आरोग्य आणि बेरोजगारी विम्याचा हिस्सा मिळून २१.५ टक्के होतो आणि कामगार संघटनेच्या निधीचे २ टक्के वेगळे द्यावे लागतात. ओव्हरटाइमला रोजच्या दिवशी दीडपट, साप्ताहिक सुट्टीला दुप्पट आणि सणाच्या सुट्टीला तिप्पट दर लागतो. तेत या नववर्षाच्या सणाला एका महिन्याचा पगार बोनस देण्याची रीत आहे.

अमिरातीत खर्चाची मांडणीच बदलते. आपल्याकडे पालघरचा ऑपरेटर स्वतःच्या पासावर लोकलने येतो आणि संध्याकाळी घरी जातो. त्याच्या राहण्याचा खर्च कारखान्याच्या वहीत कधी चढत नाही. जेबेल अलीतील ऑपरेटर बहुधा परदेशातून आणलेला असतो. त्याची भरती, व्हिसा आणि वैद्यकीय तपासणी यांचा खर्च कायद्याने मालकाचा. त्याशिवाय कामगार वस्तीतील खाट, रोजची बस, आरोग्यविमा आणि गावी जाण्याचे विमानभाडे धरावे लागते. नोकरी संपताना पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचे आणि त्यापुढे ३० दिवसांचे मूळ वेतन ग्रॅच्युइटी म्हणून द्यावे लागते. पगाराच्या आकड्यावर ही सगळी बेरीज केल्याशिवाय माणशी खर्च कळत नाही. ज्या मालात हाताने जोडणी, छपाई किंवा बारीक पॅकिंग जास्त आहे, तो अमिरातीत परवडणे कठीण. जिथे एक ऑपरेटर दोन-तीन मशीन सांभाळतो, तिथे हा बोजा पेलतो.

कच्च्या मालात पारडे फिरते. अबूधाबीच्या रुवैस येथे बोरूजचा मोठा प्रकल्प पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक बनवतो, त्यामुळे दाणा (मोल्डिंगचा कच्चा माल) जवळच मिळतो आणि महिनाभराचा साठा अडकवून ठेवावा लागत नाही. व्हिएतनाममध्ये दाण्याचा मोठा भाग आयात होतो, आणि बंदरात चार दिवस उशीर झाला तरी मशीन थांबतात. विजेबाबत मात्र आखाताच्या हवेचा हिशेब विसरू नये. मोल्डिंगच्या आवर्तनात सर्वांत जास्त वेळ साचा थंड होण्यात जातो. ऑगस्टच्या उकाड्यात हवेवर चालणाऱ्या चिलरची, म्हणजे साच्यासाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्राची, क्षमता घटते, तेव्हा मुंबईला पुरणारा चिलर तिथे अपुरा पडतो. म्हणून आधीच मोठा घ्यावा. व्हिएतनामच्या उत्तर भागात २०२३ च्या मे-जूनमध्ये विजेची तीव्र टंचाई झाली होती आणि औद्योगिक वसाहतींनाही तिची झळ बसली, हेही ध्यानात असू द्यावे.

आता बाजारपेठ. माझ्या मते अंतिम निर्णय इथेच होतो. युरोपला माल द्यायचा असेल, तर १ ऑगस्ट २०२० पासून लागू झालेला युरोपीय संघाचा करार व्हिएतनामच्या बाजूने आहे. शिवाय तो देश आरसेप या आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार करारात आहे, ज्यातून भारत नोव्हेंबर २०१९ मध्ये बाहेर पडला. आखात आणि पूर्व आफ्रिका हे गिऱ्हाईक असेल, तर अमिराती जवळची. पण तिथे एक खाच आहे. मुक्त क्षेत्रातून माल अमिरातीच्याच मुख्य भागात नेला तरी साधारण ५ टक्के सीमाशुल्क लागते, आणि जुलै २०२१ मध्ये सौदी अरेबियाने मुक्त क्षेत्रात बनलेल्या मालाला आखाती देशांतील सवलतीच्या शुल्कातून वगळले. ज्याचे मुख्य गिऱ्हाईक रियाध किंवा जेद्दाहला आहे, त्याने स्वस्त आणि सुटसुटीत वाटणाऱ्या मुक्त क्षेत्राऐवजी मुख्य भागातील औद्योगिक परवान्याचा विचार करावा. २०२१ पासून तिथेही बहुतेक व्यवसायांत पूर्ण परदेशी मालकी चालते. अमेरिकेच्या शुल्कातील फरकावर मात्र कारखाना उभारू नये. २ एप्रिल २०२५ रोजी व्हिएतनामवर ४६ टक्के शुल्क जाहीर झाले आणि काही महिन्यांत ते २० टक्क्यांवर आले. ज्याची गुंतवणूक दहा वर्षांची आहे, त्याने इतक्या चंचल आकड्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

कराबद्दल थोडक्यात. अमिरातीत ३ लाख ७५ हजार दिरहमवरील नफ्यावर ९ टक्के, व्हिएतनाममध्ये सर्वसाधारण दर २० टक्के. पण परदेशी कंपनीचा लाभांश मुंबईच्या कंपनीत आला की त्यावर इथला नेहमीचा दर लागतो. पूर्वीची १५ टक्क्यांची सवलत आता नाही. त्या परदेशी कंपनीचे सगळे निर्णय मुंबईतच होत असतील आणि तिची उलाढाल ५० कोटींच्या पुढे असेल, तर तिचे सर्व उत्पन्न भारतात करपात्र ठरण्याचीही शक्यता असते. म्हणून ९ आणि २० मधला फरक कागदावर दिसतो तेवढा हातात पडत नाही.

मजुरी सर्वांत कमी म्हणून इथिओपियाचे नाव कोणी सुचवले, तर एवढेच सांगावेसे वाटते की १ जानेवारी २०२२ पासून त्या देशाची अमेरिकेतील शुल्कमाफी गेली आणि जुलै २०२४ मध्ये तिथले चलन बिर तरते सोडल्यावर, म्हणजे त्याचा दर बाजारावर सोपवल्यावर, त्याचे मूल्य झपाट्याने घसरले. याउलट दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे.

आखात आणि पूर्व आफ्रिकेत पक्के गिऱ्हाईक असलेल्या, कमी माणसांत चालणाऱ्या उद्योगाला मी अमिराती सुचवेन. युरोपच्या मोठ्या ऑर्डर हातात असलेल्या आणि दीड-दोन वर्षे कमाईविना तग धरू शकणाऱ्याला व्हिएतनाम. ज्याच्याकडे यातले काहीच पक्के नाही, त्याने आधी आपले दोन-तीन साचे तिथल्या एखाद्या मोल्डरकडे पाठवून जॉबवर्कने, म्हणजे मजुरी देऊन, एक हंगाम माल काढून घ्यावा. साचा आपल्याच मालकीचा राहील असे करारात स्पष्ट लिहून घ्यावे, त्यावर कंपनीचे नाव आणि क्रमांक कोरून घ्यावा, आणि दर महिन्याला दाण्याचा वापर व नाकारलेल्या मालाचा हिशेब मागवावा. पुढे स्वतःची शेड घ्यायची झाल्यास भाड्याचा करार करण्याआधी याच नोंदी कामी येतात.