पातळ सोलचे बूट, टेकडी आणि सिंहगड : आठ महिन्यांनंतर

पळायला नोव्हेंबरात घेतलेले, आता जुलै संपत आला, साडेचारशे किमीच्या आसपास झाले असतील, बहुतेक पुण्यातली वेताळ टेकडी आणि रविवारी पायथ्याच्या आतकरवाडीतून सिंहगड. ब्रँड सांगत नाही, पुढे थोडी कुरकुर आहे.

आधीचे बूट एकदम गुबगुबीत, ड्रॉप १० मिमी, म्हणजे टाच चवड्यापेक्षा तेवढी उंच. गड उतरताना बोटं पुढे जाऊन आपटायची, दोन्ही अंगठ्यांची नखं काळी झाली, एक तर गळूनच पडलं. मग शोधाशोध केली तर सगळीकडे झीरो ड्रॉप, बेअरफूट, आणि १९६० ला रोममध्ये अबेबे बिकिला अनवाणी मॅरेथॉन जिंकला हे दर दुसरा माणूस सांगतो. चार वर्षांनी टोकियोत तोच बूट घालून परत जिंकला ते कोणी बोलत नाही!

तर घेतले. झीरो ड्रॉप, इनसोल म्हणजे आतली गादी धरून ११ मिमी जाडी, खाली ३ मिमीचे लग्ज, म्हणजे सोलखालचे रबरी दात. आणि पहिल्याच आठवड्यात शहाण्यासारखे ८ किमी पळून आलो. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या अशा धरल्या की जिना उलटा उतरत होतो. टाच खाली आली की पोटरी आणि टाचेमागची शीर जास्त ताणली जाते, हे माहीत होतं, पण माहीत असून काय उपयोग. नंतर नीट केलं, आधी नुसतं चालणं, मग रनच्या शेवटी एक किमी हे बूट, असं करत फेब्रुवारी उजाडला.

सुक्या मुरमावर मजा येते, खरंच, पाय कुठे पडतोय ते कळतं आणि पावलं आपोआप छोटी होतात. घसाऱ्यावर ठीकठाक. टोकदार दगड मात्र थेट लागतो, एकदा चवड्याला असा बसला की दहा दिवस सुट्टी.

पाऊस सुरू झाला आणि गंमत संपली. ३ मिमीच्या लग्जमध्ये चिखल भरला की खाली नुसती गुळगुळीत चकती उरते. ओल्या कातळावर तर लग्जचाही उपयोग नाही, तिथे रबर चांगलं हवं, आणि याचं बेताचंच आहे. शिवाय ओलं झालं की इनसोल सरकून पुढे गोळा होतो, आता काढूनच टाकलाय.

एवढं करून नख वाचलं ते पातळ सोलमुळे नाही, पुढच्या रुंद टोबॉक्समुळे, म्हणजे बोटांना मोकळी जागा मिळाल्यामुळे, हे मला फार उशिरा कळलं. मी मिलिमीटर बघत बसलो. आता घेताना संध्याकाळी उभं राहून कागदावर पाऊल आखलं, बुटाचा इनसोल त्यावर ठेवला, करंगळी बाहेर आली तर बूट परत. पावसाळ्यासाठी तसाच दुसरा जोड घेतलाय, झीरो ड्रॉपच पण जरा जाड आणि ५ मिमी लग्ज. जुन्याची डावी कड उसवली होती ती मोच्याकडून शिवून घेतली, दिवाळीनंतर टेकडीला परत काढणार.