जुनं घर: दुरुस्त केलेलं घ्यावं की आहे तसं?

शहराच्या जुन्या भागातलं, दोन्ही शेजाऱ्यांशी सामाईक भिंती असलेलं दुमजली घर घ्यायचं ठरलं की दोन वाटा समोर येतात. मोडकळीला आलेलं घर आहे तसं घेऊन स्वतः दुरुस्त करायचं, किंवा कुणीतरी दुरुस्त करून, रंग देऊन विकायला काढलेलं घ्यायचं. मी दोन्ही प्रकारची घरं पाहिली आणि पहिल्या वाटेनं गेलो. कागदपत्रं दोन्हीकडे सारखीच तपासावी लागतात, त्यामुळे तो विषय सोडून देतो.

दुरुस्त घराची बाजू भक्कम आहे. किल्ली हातात आली की राहायला जाता येतं आणि खर्चाचा आकडा पहिल्याच दिवशी कळतो. माझं काम पाच महिन्यांत आटपेल असं धरलं होतं, ते अकरा महिने चाललं. खर्च अंदाजाच्या दीडपट झाला. धूळ, मजुरांच्या वेळा, शेजाऱ्यांची समजूत काढणं, हे सगळं सोसायची तयारी हवी.

खरं तर मी दुरुस्त घरच घेत होतो. जिना मजबूत होता, स्वयंपाकघर उजेडाचं होतं, वायरिंग नवं होतं. दुसऱ्यांदा पाहायला गेलो तेव्हा तळमजल्याच्या भिंतीवर, जमिनीपासून हातभर उंचीवर, रंगाला बारीक फोड दिसले. नखानं एक टोकरला तर आतून पांढरी भुकटी सांडली. लोणा, म्हणजे ओलीबरोबर भिंतीत चढून वर साचलेले क्षार. रंग देऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते.

पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४चं असलं, तरी घरोघरी ते पोचलं फार उशिरा. त्याआधीच्या भिंती विटा आणि चुन्याच्या. त्यांच्यात जमिनीतली ओल चढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू उडून जाते. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि प्लॅस्टिक रंग चढवला की ओलीची वाट बंद होते. मग ती भिंतीत आणखी वर सरकते आणि भिंतीत शिरलेली तुळयांची टोकं आतल्या आत कुजू लागतात. वरून भिंत मात्र गुळगुळीत दिसते.

गिलावा काढला होता तेव्हाचे फोटो आहेत का, असं विकणाऱ्याला विचारलं. नव्हते. तुळयांची टोकं कुणी पाहिली होती का? ‘सगळं नवीन केलंय,’ एवढंच उत्तर मिळालं. तो माणूस खोटं बोलत होता असं मी म्हणणार नाही, कदाचित त्यालाही ठाऊक नसेल. पण आयुष्यातला सर्वांत मोठा खर्च करताना भिंतीच्या आत काय आहे ते कुणालाच सांगता येऊ नये, हे मला काही केल्या पटेना.

मी घेतलेलं घर दिसायला भयंकर होतं. पोपडे सुटलेले, छताला गळतीचे डाग, पाण्याचे लोखंडी पाइप गंजून आतून जवळजवळ बुजलेले, वायरिंगला अर्थिंगचा पत्ता नाही. पण प्रत्येक दुखणं उघड्यावर होतं. मिस्त्रीनं तुळईच्या टोकाशी स्क्रू ड्रायव्हर दाबला, तो लोण्यात जावा तसा इंचभर आत गेला. अशी तीन टोकं निघाली. त्यांचा खर्च सौदा होण्याआधीच मोजता आला आणि किंमत तेवढी खाली आली.

राहायला दुसरी सोय नसेल, घरात तान्हं मूल किंवा दम्याचं माणूस असेल, तर दुरुस्त घरच बरं. फक्त ते चांगला पाऊस पडून गेल्यावर पाहावं, तळमजल्यावरची कपाटं भिंतीपासून ओढून मागे बघावं आणि कामाचे फोटो मागावेत. फोटो मिळाले आणि त्यांत उघड्या विटा, तुळया दिसत असल्या, तर माझा आक्षेप बराचसा मिटतो.

माझ्या तळमजल्यावर आम्ही पुन्हा चुन्याचाच गिलावा केला. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो घट्ट होतो, त्यामुळे घाई चालत नाही. वरचा रंगही चुन्याचाच दिला. कपाट अजून भिंतीपासून चार बोटं लांब ठेवतो. परवा त्याच्यामागे हात घालून पाहिला, भिंत कोरडी होती.