घरी इंजिन बसवणार असाल तर 'रिबिल्ट' इंजिन आतून बघितल्याशिवाय गाडीत सोडू नका

जुन्या गाडीचं इंजिन स्वतः उतरवून, कामाला देऊन, पुन्हा घरीच बसवणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. माझं इंजिन रिबिल्डच्या नावाखाली धुऊन, रंगवून, नवी गॅस्केट आणि नव्या रिंग टाकून परत दिलं गेलं. पैसे मात्र पूर्ण कामाचे घेतले. इंजिन मी घरी बसवणार आहे हे त्या वर्कशॉपला पहिल्या भेटीपासून माहीत होतं, आणि सगळा खेळ त्याच माहितीवर रचलेला होता.

बिल बघून कुणाचंही समाधान झालं असतं. चारही सिलिंडर ०.५० मिलिमीटरने रिबोअर (आतून कापून मोठे), त्याच मापाचे ओव्हरसाइझ पिस्टन, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो खालचा दांडा) ०.२५ ने ग्राइंड (घासून बारीक), मेन आणि बिग-एंडची (क्रँकच्या आधाराची आणि कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाची) नवी बेअरिंग, नवा कॅमशाफ्ट, नवा ऑइल पंप. इंजिन आलं ते पूर्ण बंद करून. हेडच्या (सिलिंडरवरचं झाकण) आणि चेंबरच्या (इंजिनाखालची ऑइलची टाकी) बोल्टांवर रंगाच्या खुणा मारलेल्या, आत ऑइल आधीच भरलेलं. खूण मोडली तर गॅरंटी संपली, असं बजावून सांगितलं.

बसवण्याचं काम मनासारखं झालं. चेन पुलीवर इंजिन पुढून किंचित उचललेलं ठेवून गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटमध्ये घातला. इथे घाई करणाऱ्यांचं नुकसान होतं. इंजिन आणि बेल हाउसिंगमधली शेवटची फट हाताने हलवत मिटली पाहिजे. बोल्ट आवळून ती ओढून घेतली तर क्लच प्लेटचा हब वाकतो किंवा शाफ्टचं पुढचं बेअरिंग जातं. मग फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते रबर), एक्झॉस्ट, वायरिंग, रेडिएटर. स्टार्ट करण्याआधी चारही प्लग काढून, इग्निशन बंद ठेवून नुसता सेल्फ मारला आणि ऑइल प्रेशरचा काटा वर येईपर्यंत थांबलो. त्याचा व्हिडिओ काढून ठेवला, तो पुढे फार उपयोगी पडला.

थंड इंजिनाचं प्रेशर उत्तम होतं. कॅमशाफ्ट नवा सांगितलेला, म्हणून स्टार्ट झाल्याबरोबर आयडलवर न सोडता २००० आरपीएमच्या आसपास वीस मिनिटं चालवलं. इंजिन तापलं, आरपीएम खाली आणला, आणि काटा तळाला गेला. ऑइलचा दिवा लुकलुकायला लागला. मागून निळा धूर, आणि रेस सोडताना खालून स्पष्ट ठोका.

फोन केला तर पहिलाच प्रश्न आला, इंजिन बसवलं कुणी? मग एकामागून एक: प्राइम केलं होतं का (म्हणजे स्टार्टआधी ऑइल सगळीकडे पोचवलं होतं का), आयडलवर तर ठेवलं नाही ना, ऑइल बदललं तर नाही ना? यातला प्रत्येक प्रश्न रास्त आहे, आणि म्हणूनच ही फसवणूक पचते. न प्राइम करता स्टार्ट केलं तर बेअरिंग खरोखरच खराब होतात. नव्या रिंग बसेपर्यंत थोडा धूर खरोखरच येतो. घरी काम करणाऱ्याच्या मनात अशी शंका एकदा पेरली की तो स्वतःलाच दोष देत गप्प बसतो. मी व्हिडिओ पाठवला, तेव्हा 'रिंग बसायला वेळ लागतो, गाडी चालवत राहा' असं उत्तर आलं. रिंगांचं ते कारण धुराला लागू पडेल. गरम इंजिनाचं पडलेलं प्रेशर आणि खालचा ठोका यांचा रिंग बसण्याशी काही संबंध नाही. ठोका येत असताना इंजिन चालवत राहिलं तर क्रँक जाते आणि त्याबरोबर पुरावाही जातो.

म्हणून एका अनुभवी मेकॅनिकला समोर बसवून चेंबर उतरवला. आधी ऑइल काढलं, तर ते मधासारखं सावकाश गळत होतं. इतकं जाड ऑइल थंड असताना झिजलेल्या बेअरिंगवरही प्रेशर दाखवतं. मग बिग-एंडची एक कॅप खोलून बेअरिंगची वाटी हातात घेतली. पुढच्या बाजूने वरचा करडा थर निघून तांबूस धातू दिसत होता. मागे वळवली तर त्यावर 'एसटीडी' अशी खूण. म्हणजे स्टँडर्ड माप. क्रँक खरोखर ०.२५ ने ग्राइंड केली असती तर मागे ०.२५ किंवा इंचांच्या हिशेबात ०१० अशी खूण असलेली वाटी लागली असती. ग्राइंड केलेल्या क्रँकवर स्टँडर्ड वाट्या बसवल्या तर इतकी फट राहील की प्रेशर थंड असतानाही धरणार नाही. त्यामुळे ती एक खूणच बिलातली क्रँक ग्राइंडची ओळ खोटी पाडते. मायक्रोमीटर लावला, क्रँक स्टँडर्डच होती, फक्त झिजलेली.

हेड काढल्यावर उरलंसुरलं कळलं. सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगच्या (दगडाने हलकं घासण्याच्या) ताज्या तिरक्या रेघा होत्या आणि वरवर बघणाऱ्याला काम झाल्यासारखंच वाटावं. पण सिलिंडरच्या अगदी वरच्या काठाखाली नख फिरवलं तर ते अडकत होतं. सगळ्यात वरची रिंग जिथपर्यंत पोचते त्याच्या वर सिलिंडर झिजत नाही, म्हणून तिथे कंगोरा उरतो. रिबोअर केलेल्या सिलिंडरमध्ये तो राहूच शकत नाही. पिस्टनच्या माथ्यावर ०.५० किंवा ०२० असा आकडा हवा होता. चारही पिस्टनवर तो नव्हता.

म्हणून इंजिन ताब्यात घेताना चेंबर आणि हेड न बसवलेलंच मागा. ती दोन्ही कामं घरी होतात, टॉर्क रेंच असला म्हणजे झालं. 'गॅरंटी जाईल' हे कारण पुढे आलं तर तिथेच सावध व्हा. प्रामाणिक लेथवाल्याला त्याचं काम दाखवायला आवडतं. तो सिलिंडरची आणि जर्नलची (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) मापं लिहून देतो, जुने पिस्टन आणि जुन्या वाट्या परत करतो. काम देण्यापूर्वीच हे दोन्ही कागदावर ठरवून घ्या, शिवाय पिस्टनच्या आतल्या बाजूला आणि क्रँकच्या न घासणाऱ्या भागावर एखादी बारीक खूण करून तिचा फोटो ठेवा. ब्लॉकवरचा इंजिन नंबरही फोटोत येऊ द्या. जुन्या गाडीत मूळ नंबरचं इंजिन असणं फार मोलाचं असतं आणि ब्लॉक बदलला गेला तर कागदपत्रांचाही घोळ होतो.

बेअरिंगची फट बघायला प्लॅस्टिगेजची पातळ दोरी जर्नलवर ठेवून कॅप ठरलेल्या टॉर्कला आवळायची. मधे क्रँक फिरवायची नाही. कॅप काढली की चपटी झालेली दोरी पाकिटावरच्या पट्टीशी जुळवायची. ५० मिलिमीटरच्या जर्नलला साधारण ०.०५ मिलिमीटर फट ठीक मानतात, तरी तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच प्रमाण धरा.

ज्यांनी इंजिन आधीच आत सोडलंय आणि गरम झाल्यावर प्रेशर पडतंय त्यांनी ते लगेच बंद करावं. बऱ्याच गाड्यांत इंजिन न उतरवता चेंबर निघतो. वर्कशॉपला लेखी कळवून, त्यांना हजर राहायला सांगून, त्रयस्थ मेकॅनिकसमोरच तो खोला. प्रत्येक वाटी कुठल्या सिलिंडरची ते लिहून वेगळ्या पिशवीत घाला, मागच्या खुणेचा जवळून फोटो काढा, आणि काढलेलं ऑइल फेकू नका, स्वच्छ बाटलीत भरून तारीख टाकून ठेवा.