वॅक्स, टेफ्लॉन, सिरॅमिक की पीपीएफ?

नवी गाडी बुक केली की डिलिव्हरीच्या आधीच रंगावर चढवायच्या संरक्षक थरासाठी शोरूममधून फोन येतो, "सर, टेफ्लॉन करून देऊ की सिरॅमिक?" गाडीच्या किमतीपुढे तो आकडा किरकोळ वाटतो आणि माणूस हो म्हणून मोकळा होतो. माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी बघाव्यात. गाडी कुठे उभी राहते, आणि रोज सकाळी ती कोण, कशाने पुसतं.

रंगाच्या वर क्लिअर कोटचा जो पारदर्शक थर असतो, तो साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही पातळ. चमक त्याचीच आणि उन्हापासून रंगाला वाचवणाराही तोच. सोसायटीत एकाच बादलीत बुडवलेलं फडकं दहा गाड्यांच्या धुळीवरून फिरतं, तेव्हा त्या थरावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे उठतात. काळ्या गाडीवर ते उन्हात लगेच दिसतात, पांढऱ्या-चंदेरीवर लपतात. ते घालवायला रबिंग किंवा पॉलिश करतात, म्हणजे मशीनने हाच थर किंचित घासून काढतात. तेव्हा पॉलिश म्हणजे संरक्षण नव्हे. एक-दोनदा ठीक, दर दिवाळीला नको.

वॅक्स सगळ्यात स्वस्त. काही शे रुपयांचा डबा, रविवारची सकाळ आणि स्वच्छ मायक्रोफायबरचं मऊ फडकं एवढ्यावर भागतं. कार्नौबा हे ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं मेण, त्याची झळाळी सुंदर असते. पण आपल्या उन्हापावसात ती दीड-दोन महिन्यांवर टिकत नाही. हौस असेल तर उत्तम, कंटाळा असेल तर डबा कपाटात सुकतो.

टेफ्लॉनवर मी पैसे घालणार नाही. तव्यावर टेफ्लॉन पक्कं बसवायला 300 अंशांहून जास्त तापमान लागतं. गाडीचा रंग तेवढा तापवता येत नाही. त्यामुळे त्या नावाखाली मिळतं ते साध्या सीलंटच्या (वॅक्ससारखंच हाताने लावायचं कृत्रिम द्रव) जातीचं काहीतरी, चार-सहा महिने टिकणारं. सीलंटची बाटली आणून स्वतः लावली तर तेच काम बऱ्याच कमी पैशांत होतं.

खरी ओढाताण असते ती सिरॅमिक आणि पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्ममध्ये.

चांगल्या डिटेलरकडे, म्हणजे गाडीची सखोल सफाई, पॉलिश, कोटिंग करणाऱ्याकडे, सिरॅमिकचा खर्च साधारण 15 ते 30 हजार. क्लिअर कोटला घट्ट धरणारा हा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा. मळ चिकटत नाही, धुणं सोपं होतं, पक्ष्याची विष्ठा पुसायला थोडी सवड मिळते. जाहिरातीतलं '9एच' मात्र पेन्सिलीच्या कडकपणाच्या चाचणीतलं माप आहे. दगड, किल्ली किंवा बोनेटवर झोपणारं मांजर, यांच्यापुढे त्याचं काही चालत नाही. दुसरी अडचण पाण्याची. टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्याचे थेंब कोटिंगवर गोल उभे राहतात, उन्हात सुकतात आणि क्षारांचे पांढरे डाग मागे ठेवतात. धुतल्यावर लगेच टिपून घेणं जमणार नसेल तर सिरॅमिक तुमच्यासाठी नाही. पाच वर्षांच्या वॉरंटीतही बहुतेक वेळा दरवर्षी पैसे भरून करायच्या मेंटेनन्सची अट असते. ती आधी वाचा.

पीपीएफ ही टीपीयू या लवचिक प्लास्टिकची पारदर्शक फिल्म, साधारण 150 ते 200 मायक्रॉन जाड. यादीतलं हेच एक काहीतरी खरोखर अंगावर झेलतं. एक्सप्रेसवेवर ट्रकच्या चाकाखालून उडालेली खडी, दाराच्या हँडलमागचे नखांचे ओरखडे, दसऱ्याच्या झेंडूच्या हाराची तार. वरवरचे बारीक चरे उन्हाच्या किंवा गरम पाण्याच्या उष्णतेने भरूनही येतात. पण संपूर्ण गाडीला 60-70 हजारांपासून दीड-दोन लाखांपर्यंत खर्च येतो. स्वस्तात म्हणून पीव्हीसी फिल्म लावली तर ती लवकर पिवळी पडते. एखादं पॅनेल कारखान्याबाहेर पुन्हा रंगवलेलं असेल तर फिल्म काढताना रंगही सोबत निघू शकतो, तेव्हा जुन्या गाडीवर जपून.

हायवेवर सतत फिरणाऱ्याने मधला मार्ग घ्यावा. बंपर, बोनेट, आरसे आणि हँडलच्या खोबणींना पीपीएफ, बाकी अंगाला सिरॅमिक. शहरातच फिरणारी, बंद पार्किंगमधली गाडी असेल तर सिरॅमिक पुरे. सात-आठ वर्षांच्या गाडीला एकदा पॉलिश आणि वर सीलंट. तीन वर्षांत विकायचीच असेल तर वॅक्स; पीपीएफचे पैसे खरेदीदार क्वचितच मोजतो. कोकणात गंजाच्या भीतीने कोटिंग करणाऱ्यांसाठी एवढंच, की गंज बहुधा खालून धरतो. त्यावर अंडरबॉडी कोटिंग असतं, ते वेगळं काम.

काहीही निवडलं तरी डिलिव्हरीच्या आधी शोरूमला सांगून ठेवा, गाडी धुऊ नका, पॉलिश करू नका, धूळ तशीच राहू द्या. आणि पुसणाऱ्या दादांना स्वतःचे दोन मायक्रोफायबर देऊन कोरडी गाडी पुसायची नाही, आधी पाणी मारायचं, हे सांगा. या कामाला दोनशे रुपयेही लागत नाहीत.